अँजिओप्लास्टीनंतरची वही: शुगर असलेल्या आणि नसलेल्या हृदयरुग्णांनी काय तपासायचं, किती ठेवायचं

अण्णा आणि तात्या, म्हणजे माझे वडील आणि चुलते. दोघांची अँजिओप्लास्टी (हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करून तिथे स्टेंट नावाची जाळी बसवणं) दीड वर्षाच्या अंतराने झाली. अण्णांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे, तात्यांना नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं औषधाचं दुकान आहे. त्यामुळे दोघांच्या गोळ्या माझ्याच हातून जातात आणि दोघांच्या फायली दुकानातल्या कपाटात असतात.

घरी आल्यावर अण्णांनी रोज सकाळी बोटाला सुई टोचायला सुरुवात केली. १३० आली की चेहरा खुलायचा, १७० आली की दिवसभर कुणाशी धड बोलायचे नाहीत. बीपीचं मशीन मात्र खोक्यातच पडून होतं, आणि कोलेस्टेरॉल तर आठ महिन्यांत एकदाही तपासलं नव्हतं. तात्यांची तऱ्हा वेगळी. "मला कुठं शुगर आहे? स्टेंट टाकला, नळी मोकळी झाली. आता एवढ्या गोळ्या कशाला?" असं म्हणत त्यांनी हळूहळू गोळ्या कमी केल्या. मला ते पट्ट्या मोजताना कळलं. तीस दिवसांचं औषध पन्नास दिवस पुरत होतं.

काउंटरवर मला रोज हेच दोन प्रकारचे पेशंट भेटतात. शुगर असलेला माणूस शुगरपलीकडे काही बघत नाही आणि शुगर नसलेला माणूस काहीच बघत नाही. म्हणून दोघांसाठी मी एक वही घातली आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारून तिच्यात काय लिहायचं ते ठरवलं. तीच पद्धत इथे पायरीपायरीने सांगते आहे. गोळी कोणती आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण आकडा ठाऊक असणं आणि तो चुकला तर विचारायला जाणं, हे आपल्याच हातात असतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या

स्टेंट एका जागची अडचण काढतो. ज्या आजाराने ती अडचण झाली तो सगळ्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात असतो आणि तो तिथेच राहतो. मधुमेहात हे अस्तर जास्त वेगाने खराब होतं, रक्ताच्या गुठळ्या लवकर होतात आणि अडथळे लांबवर पसरलेले असतात.

फिनलंडमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. सात वर्षांत किती जणांना हार्ट अटॅक आला, हे त्यात मोजलं होतं. शुगर नाही आणि आधी अटॅकही नाही अशांमध्ये १०० पैकी ३ ते ४ जणांना आला. शुगर नाही, पण आधी अटॅक येऊन गेलेला, अशांमध्ये साधारण १९ जणांना. शुगर आहे, पण अटॅक आलेला नाही, अशांमध्ये २०. आणि शुगरही आहे, अटॅकही येऊन गेला, अशांमध्ये ४५. हे आकडे आजची औषधं सर्रास मिळू लागण्याआधीचे आहेत, आज ते बरेच कमी करता येतात. पण मी हे तात्यांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांचा आकडा तीनचा नव्हता, एकोणीसचा होता. त्या दिवसापासून "मला शुगर नाही" हे वाक्य त्यांनी जरा जपून वापरायला सुरुवात केली.

पायरी १: डिस्चार्ज कार्ड वाचा आणि वहीचं पहिलं पान भरा

बहुतेक घरांत डिस्चार्ज कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जातं ते पुढच्या इमर्जन्सीलाच बाहेर येतं. ते काढा. पहिल्या पानावर एवढं लिहा: अटॅक आला ती तारीख, किती स्टेंट आणि कोणत्या नळीत, हृदयाची पंपिंग क्षमता (टू-डी एकोच्या रिपोर्टवर 'ईएफ' म्हणून टक्केवारी असते), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), तीन महिन्यांची सरासरी शुगर म्हणजे एचबीए१सी, वजन आणि कमरेचा घेर. शेवटी सगळ्या गोळ्यांची नावं, पण कंपनीच्या नावासोबत आतल्या औषधाचं नावही. ते पट्टीवर बारीक अक्षरात असतं. वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याला लिहून द्यायला सांगा.

आतलं औषध लिहायला का सांगते? दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या कंपन्यांची नावं लिहिली आणि पेशंट एकच औषध दुप्पट घेतोय, हे मी अनेकदा पकडलं आहे. एका आजींना तर बीपीची एकच गोळी दोन नावांनी चालू होती, आणि त्या चक्कर येते म्हणून तिसऱ्या डॉक्टरांकडे निघाल्या होत्या.

पायरी २: "शुगर नाही" हे आधी नीट तपासून घ्या

ही पायरी तात्यांसारख्यांसाठी आहे. शुगर नाही म्हणजे नक्की काय? कधी तपासली होती, उपाशीपोटी की कशीही?

स्वीडनमध्ये अटॅक आलेल्या, पण आधी मधुमेहाचं निदान नसलेल्या १८१ जणांची ग्लुकोज पिऊन तपासणी केली होती. २००२ साली त्याचे निकाल आले. सुमारे दोनतृतीयांश लोकांची शुगर बिघडलेली निघाली. काहींना थेट मधुमेह होता, काही उंबरठ्यावर होते. हृदयरुग्णाची शुगर एकदा रँडम बघून सोडून देणं बरोबर नाही, ते एवढ्यासाठी.

अटॅकच्या वेळी शरीरावरच्या ताणाने शुगर तात्पुरती वाढते. त्यामुळे आयसीयूतल्या आकड्यावरून घाबरूही नका आणि निर्धास्तही राहू नका. डॉक्टरांना विचारून घरी स्थिरावल्यावर पुन्हा करा. आकडे असे वाचायचे: उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ उंबरठा, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. एचबीए१सी ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. शंका असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी असते, तिच्यात १४० च्या पुढे उंबरठा आणि २०० पासून मधुमेह. निदान पक्कं करायला बहुतेक वेळा दुसऱ्यांदा तपासतात. ॲनिमिया असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, तर एचबीए१सी फसवू शकते, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

तात्यांची एचबीए१सी ६.१ निघाली. म्हणजे उंबरठ्यावर. त्यांना गोळी लागली नाही, पण दरवर्षी तपासणी मात्र ठरली.

पायरी ३: एलडीएल, जो दोघांनाही सारखाच लागू

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा. एलडीएल म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते. रिपोर्टवर त्याच्यापुढे 'नॉर्मल १०० पर्यंत' किंवा '१३० पर्यंत' छापलेलं असतं. ते निरोगी माणसासाठी आहे. हृदयविकार एकदा झाला की ते छापील नॉर्मल तुमच्यासाठी राहत नाही. तुमचं लक्ष्य ७० च्या आत, आणि आताच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५५ च्या आत, शिवाय मूळ आकड्याच्या निम्म्याहून कमी. शुगर असो वा नसो.

अण्णांचा एलडीएल ९८ आला तेव्हा लॅबच्या कागदावर त्याला ठळक अक्षर नव्हतं, बाण नव्हता. घरच्यांनी "नॉर्मल आहे" म्हणून फाईल मिटली. तो नॉर्मल नव्हता, जवळजवळ दुप्पट होता.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी मला औषधांच्या पट्ट्यांवरूनच कळली. रक्त पातळ ठेवणारं ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल उतरवणारं, स्टॅटिन गटातलं ॲटोरव्हास्टॅटिन एकत्र असलेली कॅप्सूल फार चालते, कारण एकाच गोळीत काम होतं. पण तिच्यात ॲटोरव्हास्टॅटिन बहुधा १० किंवा २० मिलिग्रॅम असतं. अटॅकनंतर सहसा ४० ते ८० मिलिग्रॅमची गरज असते, किंवा रोझुव्हास्टॅटिन २० ते ४०, म्हणजे मग एलडीएल साधारण निम्मा होतो. लोक पाच-पाच वर्षं दहाच्या डोसवर काढतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या पट्टीवर तो आकडा बघा. कमी वाटला तर स्वतः वाढवू नका. एलडीएलचा रिपोर्ट सोबत घेऊन डॉक्टरांना विचारा, "हा डोस पुरेसा आहे का?" वय, किडनी, इतर औषधं बघून काहींना मुद्दाम कमी दिलेला असतो.

डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांत एलडीएल पुन्हा तपासायचा, मग वर्षातून एकदोनदा. पूर्ण डोस घेऊनही आकडा खाली येत नसेल तर एझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडतात. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल फक्त ६ टक्के आणखी उतरतो, म्हणून नुसता डोस वाढवत राहण्यापेक्षा दुसरं औषध जोडणं बऱ्याचदा शहाणपणाचं ठरतं. त्यानेही भागलं नाही तर इंजेक्शनं आहेत, पण ती महाग आहेत.

स्टॅटिनबद्दलची भीती मी रोज ऐकते. "त्याने शुगर वाढते म्हणे." हो, किंचित वाढते, आणि जे उंबरठ्यावर असतात त्यांच्यापैकी काहींना मधुमेह थोडा आधी होतो. पण अटॅक टाळण्याचा फायदा त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. शुगर असलेल्यांनी तर या भीतीने स्टॅटिन कधीच बंद करू नये. मांड्या-पोटऱ्या दोन्ही बाजूंनी दुखायला लागल्या, लघवी चहासारखी काळपट झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जा. रक्ताच्या एका तपासणीने कारण कळतं आणि औषध बदलता येतं.

आणि तो लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगरचा काढा. तो प्यायल्याने ब्लॉकेज निघून जातात असं दाखवणारा पुरावा नाही. आवडत असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, पण त्याच्यासाठी गोळी सोडू नका. काढ्याच्या भरवशावर गोळ्या सोडलेली माणसं मी पुन्हा ॲडमिट झालेली पाहिली आहेत, आणि दरवेळी मला तेवढंच वाईट वाटतं.

लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक घटक) नावाची एक तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. ते आनुवंशिक असतं आणि आपल्याकडे कमी वयात अटॅक येणाऱ्या घरांमध्ये शोधण्यासारखं आहे. वडिलांचं जास्त निघालं म्हणून मी माझंही तपासून घेतलं.

पायरी ४: बीपी घरी मोजा, पण नीट मोजा

दोघांचंही लक्ष्य सर्वसाधारणपणे १३०/८० च्या आत. खूप वय झालेल्या किंवा उभं राहिल्यावर चक्कर येणाऱ्या माणसासाठी डॉक्टर ते थोडं सैल ठेवतात.

चुकीच्या पद्धतीने मोजलेलं बीपी दहा-पंधराने सहज चुकतं. अण्णांचं मी कसं घेते ते सांगते. सकाळी संडास-लघवी झाल्यावर, चहाच्या आणि गोळीच्या आधी. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं. टीव्हीच्या बातम्या बंद, कारण अण्णा बातम्यांशी भांडतात. पट्टा उघड्या दंडावर, सदऱ्याच्या बाहीवर नाही. हात टेबलावर, खाली उशी, म्हणजे पट्टा छातीच्या पातळीला येतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचं. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच. डॉक्टरांकडे जायच्या आधी सात दिवस हे करा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. तो कागद डॉक्टरांच्या हातात दिलात तर दवाखान्यातल्या एका घाईच्या मापापेक्षा तो फार जास्त उपयोगी पडतो.

मशीन दंडावरचं घ्या, मनगटावरचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्टा बीपी जास्त दाखवतो.

शुगर असलेल्यांसाठी एक माप जास्तीचं. बसून मोजल्यावर उभं राहून एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजा. मधुमेहात नसा कमजोर झाल्या की उभं राहताना बीपी एकदम उतरतं आणि माणूस रात्री बाथरूमला उठताना पडतो. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर लिहून ठेवा आणि सांगा.

मिठाचा हिशोब मी घरी असा केला. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. चार माणसांचे २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा निदान ५० दिवस पुरायला हवा. लोणचं, पापड, फरसाण, बेकरीतलं मीठ वेगळंच. आमचा पुडा तेव्हा २८ दिवसांत संपत होता. पुड्यावर तारीख टाकून ठेवायला लागल्यावर घरात कुणाला भाषण द्यावं लागलं नाही. बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय ते वापरू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

पायरी ५: शुगर, आणि अण्णांची रोजची सुई

हृदयरुग्णाची शुगर जितकी खाली तितकं चांगलं, असं अण्णांना वाटायचं. पूर्वी अनेक डॉक्टरांनाही वाटायचं. अमेरिका आणि कॅनडात दहा हजारांवर मधुमेही रुग्णांवर 'अकॉर्ड' नावाची चाचणी झाली. एका गटाची एचबीए१सी ६ च्या आत आणायचा जोरदार प्रयत्न केला. २००८ साली तो भाग मध्येच थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू जास्त होत होते. म्हणून आता बहुतेकांसाठी ७ च्या आसपास, आणि वय जास्त, शुगर एकदम उतरण्याचा त्रास किंवा इतर मोठे आजार असतील तर ८ पर्यंतही चालवून घेतात. तुमचा आकडा डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या.

दुसऱ्या बाजूला डेन्मार्कमधला एक अभ्यास आहे. मधुमेह आणि लघवीतून प्रथिन जाणाऱ्या फक्त १६० लोकांचा. त्यातल्या निम्म्या लोकांची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, खाणं, व्यायाम, तंबाखू हे सगळं एकत्र हाती घेतलं. साधारण आठ वर्षांत त्यांच्यातला हृदय-रक्तवाहिन्यांचा त्रास जवळपास निम्म्यावर आला. २१ वर्षांनी बघितलं तर ते लोक सरासरी आठेक वर्षं जास्त जगले होते. मला अण्णांसाठी ती आठ वर्षं हवी आहेत. म्हणून मी त्यांना सांगितलं, सकाळच्या सुईआधी बीपी घ्यायचं, मग सुई.

शुगर एकदम उतरणं हे हृदयरुग्णात विशेष धोक्याचं. त्यात मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखी ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर शुगर उतरताना होणारी छातीतली धडधड, हातांची थरथर जाणवत नाही. घाम मात्र सुटतो. तेव्हा अकारण घाम, एकदम भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणं, यांपैकी काही दिसलं की शुगर तपासा. ७० च्या आत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, गरज पडली तर पुन्हा द्या, मग थोडं खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, गाडी बोलवा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी एकादशी, नवरात्र, रोजे यांच्या आधी डोस विचारून घ्यावा. आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी शुगर झपकन वर नेते, मग गोळीने ती खाली येते. या वरखाली होण्यातच माणूस दमतो. भगर, दाण्याची आमटी, ताक, काकडी हे त्यातल्या त्यात बरं, तेही मोजून.

औषध निवडतानाही हृदय लक्षात घेतात. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटाच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, आणि त्यांनी हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडण्याचा, धोका कमी होतो. २०१५ च्या अभ्यासात एम्पाग्लिफ्लोझिनने मधुमेही हृदयरुग्णांमधले हृदयामुळे होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनंही अटॅक आणि लकवा कमी करतात. उलट पायोग्लिटाझोन ही स्वस्त आणि खूप चालणारी गोळी पाणी साठवते. हृदयाचं पंपिंग कमजोर असेल, पायांना सूज येत असेल, तर ती चालू आहे का बघा आणि डॉक्टरांना दाखवा.

इथे काउंटरवर नेहमी होणारा एक घोळ सांगायलाच हवा. लोक इंटरनेटवर डापाग्लिफ्लोझिन वाचतात आणि परत येतात: "ताई, मला शुगर नाही, ही शुगरची गोळी का दिली?" ती चूक नसते. २०१९ साली हे सिद्ध झालं की ज्यांचं पंपिंग कमजोर आहे त्यांना ही गोळी शुगर नसतानाही उपयोगी पडते, आणि शुगर नसलेल्या माणसाची शुगर तिने सहसा धोकादायक उतरत नाही. तसंच २०२३ च्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांमध्ये सेमाग्लुटाइडने अटॅक, लकवा आणि हृदयामुळे होणारे मृत्यू मिळून २० टक्के कमी झाले. डापाग्लिफ्लोझिन गटाची गोळी घेताना लघवीची जागा स्वच्छ, कोरडी ठेवा, तिथे बुरशीची खाज येऊ शकते. उलट्या-जुलाब, कडक उपास किंवा ऑपरेशन असेल तर ती काही दिवस थांबवावी लागते. आधी फोन करून विचारा.

पायरी ६: लघवीची ती राहून जाणारी तपासणी

किडनी आणि हृदय बरोबरच बिघडतात. रक्तातलं क्रिएटिनिन बहुतेकजण करतात, पण लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे लघवीतून किती प्रथिन जातं ते, फार थोडे करतात. सकाळची थोडी लघवी पुरते. ३० च्या आत असावं. शुगर असलेल्यांनी वर्षातून एकदा करायचंच, सोबत डोळ्यांचा पडदा आणि पायांची तपासणी. शुगर नाही, पण बीपी आहे, त्यांनीही करून घ्यावं.

पायरी ७: तंबाखू

सिगारेटचं सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्याकडे मिश्री, तंबाखू-चुना आणि मावा हे कुणी व्यसनात धरतच नाही. आमच्या आत्या सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणायच्या. तीही तंबाखूच आहे, तिच्यातलं निकोटीन तसंच बीपी आणि ठोके वाढवतं. अटॅकनंतर सिगारेट सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका साधारण एकतृतीयांशाने कमी होतो. एवढा फायदा देणारी आणि फुकट अशी दुसरी गोष्ट माझ्या दुकानात नाही.

तात्यांनी तंबाखू सोडली ती तिसऱ्या प्रयत्नात. पहिल्या दोन वेळा जेवणानंतरच्या दहा मिनिटांत सगळं मोडायचं. मग जेवण झालं की बडीशेप तोंडात आणि लगेच उठून गल्लीत एक फेरी, असं ठरवलं. निकोटीनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारून काही आठवडे घेतलं. सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११२-३५६, मराठीतही बोलतात.

पायरी ८: ताट

वेगळं पथ्याचं जेवण फार दिवस टिकत नाही, घरच्याच ताटातली मापं बदलायची. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट उसळ, डाळ, मासे किंवा अंडं, पाव ताट भाकरी किंवा भात. ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा बरी, पण तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्याच. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. घरात चार माणसं तर दोन लिटरचा डबा महिनाभर. वनस्पती तूप आणि तेच ते तेल पुन्हा तापवून तळलेलं, हे मात्र दोघांसाठीही पूर्ण बंद.

गुळाच्या चहाबद्दल स्पष्टच सांगते. गूळ रक्तात साखरच होतो. दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅमच्या आसपास साखर केवळ चहातून. अण्णांनी चमचे एकदम बंद केले नाहीत, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केला. आता त्यांना दुसऱ्यांच्या घरचा चहा पाकासारखा लागतो.

कमरेचा घेर बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून मोजा. आपल्या लोकांसाठी पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. वजनकाट्यापेक्षा ही टेप जास्त खरं सांगते.

पायरी ९: चालणं

आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. अटॅकनंतर कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, हा वेग. खिशात सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी), आणि शुगर असलेल्यांनी चार लिमलेटच्या गोळ्याही. शुगर असलेल्यांनी अनवाणी चालू नये, परतल्यावर तळपाय बघावेत.

पायरी १०: गोळ्या चालू ठेवणं

ॲस्पिरिनसोबतची दुसरी गोळी, म्हणजे क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर, स्टेंट बंद पडू नये म्हणून असते. ती साधारण सहा महिने ते वर्षभर, आणि कधीपर्यंत ते हृदयाचे डॉक्टरच ठरवतात. दात काढायचा म्हणून दाताच्या दवाखान्यातून "चार दिवस रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवा" असं सांगितलं तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. अचानक बंद केल्याने स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मागायला हृदयाचे पेशंट रोज येतात. मी देत नाही आणि त्यांना राग येतो. या गोळ्यांनी बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो, अटॅकचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल विचारून घ्या.

खर्चाने गोळ्या सुटत असतील तर ते लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. जनऔषधी केंद्रात याच औषधांचा खर्च बराच कमी होतो, आणि सरकारी दवाखान्यांत बीपी-शुगरच्या गोळ्या मोफत मिळतात. हे लिहिताना माझ्या धंद्याचं नुकसान होतं, हे मला ठाऊक आहे. पण अर्ध्या गोळ्या घेऊन जाणारा माणूस मला बघवत नाही. दरवर्षी फ्लूची लसही घ्या.

पायरी ११: त्या रात्रीसाठी कागद

आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम, थंड घाम: काम सोडून बसायचं, सॉर्बिट्रेटची एक गोळी जिभेखाली, पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर १०८. स्वतः गाडी चालवायची नाही. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं असेल तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून. लैंगिक ताकदीची गोळी (सिल्डेनाफिल, टाडालाफिल) गेल्या दोन दिवसांत घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घ्यायचं नाही, बीपी एकदम कोसळतं. हे बोलायला संकोच वाटतो, पण जीव जाऊ शकतो म्हणून स्पष्ट लिहिलं आहे.

अण्णांच्या नावाखाली लाल शाईने एक ओळ जास्त आहे: "छातीत दुखणार नाही, तरी अटॅक असू शकतो." मधुमेहात नसा बधिर झाल्याने कधीकधी कळ येतच नाही. नुसता दम लागतो, घाम येतो, ॲसिडिटीसारखं वाटतं, एकाएकी गळून जायला होतं. त्यांचा पहिला अटॅक असाच होता. आम्ही रात्रभर त्यांना ॲसिडिटीची औषधं देत बसलो होतो, आणि मी स्वतः औषधांच्या दुकानात बसणारी मुलगी, ती पातळ औषधाची बाटली मीच आणून दिली होती.

वहीतलं वेळापत्रक

रोज: गोळ्या, आणि अण्णांची शुगर डॉक्टरांनी सांगितली तितकीच. आठवड्याला: वजन, आणि तेही पंपिंग कमजोर असेल तर रोज. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, त्याच दिवशी फोन. तीन महिन्यांनी: अण्णांची एचबीए१सी, आकडा स्थिर झाला की सहा महिन्यांनी. सहा महिन्यांनी: एलडीएल, क्रिएटिनिन, पोटॅशियम. वर्षाने: लघवीचं अल्ब्युमिन, तात्यांची एचबीए१सी, अण्णांचा डोळ्यांचा पडदा आणि पाय, दोघांची फ्लूची लस.

गेल्या महिन्यातलं पान असं आहे. अण्णा: बीपी १२६/७४, एलडीएल ५२, एचबीए१सी ७.२. तात्या: बीपी १३४/८२, एलडीएल ६१, एचबीए१सी ६.०, तंबाखू बंद होऊन चौदा महिने. तात्यांच्या बीपीखाली मी पेन्सिलने रेघ मारली आहे. मंगळवारी त्यांची डॉक्टरांची वेळ आहे आणि सात दिवसांच्या मापांचा कागद वहीत घालून ठेवला आहे.